काजूच्या वीस बिया

“लाऽऽभ… दोऽऽन… तीऽऽन…”

राजापूरकडच्या खळ्यावर भात मापताना दर्शनाबाईंचे आबा असे गळा लावून मोजायचे. पहिल्या मापाला ते कधी ‘एक’ म्हणाले नाहीत. एक म्हटलं की माप एकटं पडतं, लाभ म्हटलं की मागची मापं आपल्या पायांनी चालत येतात, असं त्यांचं म्हणणं. आबा गेले, खळ्यावर गवत माजलं. आवाज तेवढा बाईंच्या कानात मुक्कामाला राहिला. पण वर्गात त्यांनी तो कधी बाहेर काढला नव्हता. शाळेत एक म्हणजे एक.

पावसजवळच्या या शाळेत पहिलीला अकरा मुलं. त्यातली दहा बोलायची, तीही दहा एकदम. अकरावी आयात. जूनपासून मार्चपर्यंत तिनं वर्गात तोंड उघडलं ते फक्त खिचडी खायला.

तिची आई कनीज म्हणायची, “घरात हिचा तोंड मिटत नाय, बाई. कोंबड्यासुद्धा कंटाळून वाडीत जातात.”

आज केंद्रप्रमुख सखाराम सर येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी बजावलं होतं, “मार्चपर्यंत ही बोलली नाही, तर ‘बोलत नाही’ असा शेरा मारतो आणि तपासणीला रत्नागिरीला पाठवतो.” एकदा तो शेरा पडला की पुढच्या प्रत्येक वर्गात तो आयातच्या आधी जाऊन बसणार! बाईंचा सकाळचा चहा या विचारातच निवला.

सर आले तेव्हा रेतीत अक्षरं गिरवून झाली होती, पानांचे ठसे झाले होते, त्यातला एक उमेरच्या गालावर झाला होता. आता मोजणी. बाईंनी सुपात काजूच्या वीस बिया ओतल्या. सकाळी मोजूनच आणल्या होत्या. शाळेतले उंदीर वर्षभर बिया पळवत होते आणि बाई बिचाऱ्या घरून भर घालत होत्या.

सानवी पुढं झाली. “…सोळा, सतरा, अठरा. संपल्या!”

“वीस आहेत गं.”

“मग तुम्हीच मोजा!”

बाईंनी मोजल्या. अठरा.

उमेरनं मोजल्या. बावीस.

“अरे, बावीस कशा?”

“कमी पडू नयेत म्हणून चार परत मोजल्या.”

मग ऋत्विक आला. बियांवरून नुसता हात फिरवत त्यानं खणखणीत आवाजात वीस करून दाखवल्या आणि सोवळ्यातल्या माणसासारखा जागेवर जाऊन बसला. सरांनी चष्मा पुसला, स्वतः मांडी घातली, मोजल्या. सतरा.

“बाई, तुमच्या बिया आटताहेत!”

ऋत्विक छपरावरची पाल बघण्यात दंग होता.

बाईंचं लक्ष मात्र आयातकडे होतं. जो मोजेल त्याच्याबरोबर तिचे ओठ आवाजाशिवाय हलत होते. दोनला, तीनला सगळ्यांसारखेच. पण पहिल्या बीला मिटून उघडत होते. एक म्हणताना कुणाचे ओठ मिटतात?

आणि बाईंना जूनमधला पहिला दिवस आठवला. आयातनं पहिली बी उचलून काहीतरी म्हटलं होतं. वर्ग खो खो हसला होता. आणि बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, “तसं नाही बाळ, एक म्हणायचं.”

बाई जमिनीवर बसल्या, एक बी उचलली आणि आबांच्या गळ्यानं म्हणाल्या, “लाऽऽभ!”

वर्ग हसला. बाईही हसल्या.

“बाई, हे पुस्तकात कुठं आहे?” सर म्हणाले.

“पुस्तकात नाही सर, आमच्या खळ्यावर आहे. माझे आबा असंच मोजायचे. आयात, तुमच्याकडे पहिल्याला काय म्हणतात गं?”

आयातनं आधी सानवीकडे पाहिलं, मग सरांकडे. मग अगदी हळू म्हणाली, “बरकत.”

“आमच्याकडे पण!” उमेर ओरडला. “नारळ मोजताना दादा बरकतच म्हणतात!”

आता कुणी हसलं नाही. आयात सुपाशी आली. “बरकत, दोन, तीन…” आवाज चढत गेला, वेणी हलायला लागली. सतराव्या बीवर ती थांबली.

सरांनी समाधानानं लिहिलं, ‘बोलते.’ मग पुढचं मोठ्यानं म्हणत लिहू लागले, “सतरापर्यंत येतं. त्यापुढं येत नाही.”

“येतं!” आयात एवढ्यानं म्हणाली की छपरावरची पाल पळाली. नऊ महिने धरून ठेवलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं. “अठरा, एकोणीस, वीस! त्या तीन ऋत्विकच्या खिशात हायत. उंदीर नाय बाई, जूनपासनं ह्योच नेतो. मी मोजल्यात. आजच्या धरून एकशे चौतीस!”