ग्वाककाकांची पिंपं

त्या वर्षी सुवॉन शहरातल्या कारखान्यात आम्ही लघवीपासून औषध काढत होतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं. परदेशी औषधं बंद, सगळं इथेच बनवायचं, असा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम होता. हुकूम देणारा माणूस मला आवडत नसे, काम मात्र आवडे. यात माझं चुकलं का, हे अजून ठरत नाही.

मुलांच्या शाळांतल्या मुताऱ्यांत आमची पिंपं असत. एका शाळेत पोरं तास सोडून तिथल्या शिपाई ग्वाककाकांना सांगत, "काका, देशसेवेला चाललोय!"

"थोडी देशसेवा वर्गात बसून कर, गाढवा!"

एकदा चारशे लिटरचा अख्खा घाणा वाया गेला. टाकीला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. त्या दिवशीची पिंपं ग्वाककाकांच्या शाळेतली होती. मी तिथे गेलो.

"साहेब, तपासणीला मोठे अधिकारी येणार होते ना," काका खुशीत म्हणाले, "पिंपं चकाचक केली. वास नको म्हणून थोडी पावडर आतच ठेवली."

त्या पावडरीने औषध मरतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

कारखान्याचे प्रमुख निवृत्त कर्नल होते. "हा घातपात आहे, योम. अहवालात दोषीचं नाव लिहा."

अशी नावं लिहिलेली माणसं महिनोन्‌महिने घरी येत नसत. काही आलीच नाहीत.

टाकीत ओतण्याआधी प्रत्येक पिंप तपासायचं काम माझं होतं. त्या सकाळी टपालाने जपानी मासिक आलं होतं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचत राहिलो; पिंपं न तपासताच ओतली गेली. मी तेवढंच लिहिलं, नाव माझंच. दोनदा खोडलं.

"आणि पावडर आकाशातून पडली?"

"पिंपं धुण्याचे नियम मी... लेखी दिले नव्हते, साहेब."

कर्नलांनी कागद पुढे ओढला. "एवढी पुस्तकं वाचलीत, एकातही खोटं बोलायला शिकवलं नाही वाटतं." मग त्यांनी सही केली. "प्रयोगशाळा बंद तुम्हाला. उद्यापासून पिंपांच्या गाडीवर."

दुसऱ्या दिवशी मला गाडीतून उतरताना पाहून काका हसले. "एवढं शिकून हेच उचलायचं?"

"काका, पिंपात पावडर घालू नका. औषध मरतं."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्यावर ही वेळ का आली, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "पण सोमवारी पुन्हा तपासणी आहे. वास आला तर मुख्याध्यापक मला सोलतील."

"सांगा, योमने मनाई केलीय," मी म्हणालो. "हवं तर लिहून देतो."