एकोणीस अंगठे

चंद्रभानभाऊंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून निघणारा प्रत्येक बायोडाटा सारखाच असायचा, नाव तेवढं बदलायचं. सीताबर्डीतल्या त्या दोन खोल्यांत आमच्या वस्तीतली निम्मी पोरं टायपिंग शिकली, आणि सगळ्यांच्या कागदावर एकच ओळ : अनुभव – निरंक.

१९७४ साली माझाही तसाच निघाला. जाहिरात एका फळ संघाची होती. संत्र्यांची प्रतवारी करायला सहायक हवा होता. मॅट्रिक, टायपिंग आणि 'अनुभव असल्यास प्राधान्य'. मी कागद वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, निरंक काहून? दहा वर्षं झाली, मी मायसंगं संत्रा मार्केटात पेट्या भरून राहिली."

"ते काम हाये, शामला. अनुभव म्हनजे सर्टिफिकेट."

माझी माय, रंभाबाई, मार्केटात संत्री निवडायची. ढिगापुढं बसायचं, एकेक फळ उचलायचं, देठाशी अंगठा दाबायचा. दाबताच कळतं, हे दिल्लीला पोचेल आणि हे कामठीपर्यंतसुद्धा टिकणार नाही. शाळा सुटली की मी थेट तिच्या शेजारी जाऊन बसायचे. अडत्या मनोहरराव गादीवरून विचारायचे, "रंभाबाई, माल कसा?" ती सांगायची, मग ते भाव पुकारायचे.

भाऊ चहाला गेले तेव्हा मी मशीनवर कोरा कागद चढवला. अनुभव : दहा वर्षे, संत्री निवडणे व पेट्या भरणे. शेवटी दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे संदर्भ मागितले होते, नातेवाईक नसावेत अशी अट. तिथं भाऊ दोन वकिलांची नावं टाकत. त्या वकिलांनी आमची तोंडंही पाहिलेली नसत. मी मायच्या शेजारी माल निवडणाऱ्या दोघींची नावं टाइप केली : इंदूबाई आणि पार्वतीबाई, संत्रा मार्केट, निशाणी अंगठा. जाताना भाऊंचं शाईचं पॅड उचललं. विचारलं नाही.

मुलाखतीला बोलावणं आलं. साहेबांनी मालाबद्दल जे जे विचारलं त्याची उत्तरं मी धडाधड दिली. मग ते शेवटच्या ओळीवर आले आणि हसले.

"या कोण?"

"मालाची पारख मी यांच्यापासून शिकले."

"अंगठे चालत नाहीत. पण उत्तरं चांगली दिलीस. शनिवारपर्यंत एखाद्या अडत्याची सही आण, जागा तुझी."

मनोहररावांनी सही दिलीही असती, माणूस वाईट नव्हता. माय तर हात जोडायलाच बसली. "एका सहीनं भलं होते त घे नं वं. माह्या हातचं काम तुह्या हाती येऊ नये, एवढंच मले पायजे."

मला रडू आलं आणि रागही आला. सही आणली असती तर पारख गादीची आणि मजुरी बायकांची, हेच मी माझ्या हातानं लिहून दिलं असतं. ते मला मरेपर्यंत बोचलं असतं.

शुक्रवारी पॅड आणि बायोडाट्याची प्रत घेऊन मी ढिगाढिगानं फिरले. बायका हसल्या, लुगड्याला हात पुसून एकेक अंगठा देत गेल्या. एकोणीस झाले. मायनं मान वर केली नाही.

शनिवारी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"मी एक सही मागितली होती."

"साहेब, तुम्ही ज्यांची सही मागता, ते या बायकांना विचारून भाव पुकारतात. मग मी त्यांची सही कशाला आणू?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि शिपायाला पुढच्याला पाठवायला सांगितलं. मी कागद उचलला आणि पायऱ्या उतरले.

माय दारातच उभी होती. "झालं?"

"नाई झालं."

आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. तिनं कागद ओढून घेतला. वाचता येत नव्हतं, पण अंगठे न्याहाळत राहिली. यातले कोणते कोणाचे, ते तिला बहुतेक कळत असावं.

"याच्यात माहा अंगठा काहून नाई?"

"नातेवाईक चालत नाई, माय. तसं लिहून हाये."

"एकोनीस चालले नाई नं? मंग इसावा बी नको चालू दे. आन इकडं ते पॅड."

शाईत बुडवून तिनं अंगठा कागदावर टेकवला आणि दाबला, देठाशी दाबायची तसाच. उचलायला वेळ लावला.

सोमवारी दुसरी जाहिरात आली. मी तोच कागद पाठवला.