उपाशी वाफा

पौषातली सकाळ गोदाकाठच्या संशोधन प्रक्षेत्रावर दवाच्या पावलांनी उतरत होती. कोवळा, केशरी, थरथरता प्रकाश आधी सुबाभळीच्या शेंड्यांवर आला, मग पाटाच्या पाण्यावर, मग गव्हाच्या सोळा वाफ्यांवर. आणि तिथे आल्यावर त्या एकाच प्रकाशाचे चार रंग झाले.

हेक्टरी एकशेऐंशी किलो नत्र प्यालेला गहू मेघश्याम. दाट, मांसल, मदभरल्या पात्यांचा. एकशेवीसचा पाचूसारखा. साठचा पोपटी, जरा अबोल. आणि ज्याला तीन वर्षांत नत्राचा कणही मिळाला नव्हता तो फिकट, कृश, पीतवर्णी. चातुर्मास पाळणाऱ्या बाईच्या मनगटासारखा. असे उपाशी वाफे चार होते. त्यांतला एक नेमका फाटकाजवळ, रस्त्याला लागून.

रेवती हिंगमिरे रोज आधी त्याच्यापाशी थांबे. धान्याच्या रसायनाचा तिचा अभ्यास, वय अडतीस, उन्हाने रापलेला चेहरा, आणि तीन वर्षं मनात बाळगलेला एकच प्रश्न. नत्राने दाणा भरतो, प्रथिनं वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण दाण्याच्या कोंड्यात झीज थोपवणारी जी द्रव्यं असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात ती, त्यांचं या मेजवानीत काय होतं? उत्तर द्यायला उपाशी वाफा हवाच होता. भुकेशिवाय तृप्ती मोजायची कशाने?

केंद्राचे प्रमुख डॉ. धारूरकर त्या सकाळी फाटकाशीच गाडीतून उतरले. माळरानातून हे हिरवं प्रक्षेत्र उभं करणारा माणूस. प्रक्षेत्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांची भेट आठ दिवसांवर आली होती, आणि धारूरकरांची नजर त्या पिवळ्या चौकोनात रुतली होती.

"रेवतीबाई, याला आज युरिया टाका आणि पाणी द्या. आठ दिवसांत हिरवा होईल."

"सर, मग तो शून्य नत्राचा राहणार नाही."

"शून्य बघायला कोण येतं?"

"मी येते, सर. रोज."

धारूरकर गाडीत बसले. टायरांनी उडवलेली धूळ दवाने ओल्या पात्यांवर हळूहळू बसत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन हातभर वर आलं तेव्हा खुरपणीवरच्या गुणाबाई प्रयोगशाळेच्या दारात आल्या. वीस वर्षं या मातीत वाकलेली बाई. कामाशिवाय बोलत नसे. "ताई, दोन गडी पोतं घेऊन फाटकाकडं निघालेत," एवढंच त्या म्हणाल्या.

रेवती धावली नाही. चालत गेली, पण पाटावरून, बांधावरून, ओल्या चिखलातून सरळ रेषेत गेली. गड्यांनी पोतं बांधावर टेकवलं होतं, तोंडाची दोरी सोडायची बाकी होती. ती त्या पोत्यावर बसली. पदर कमरेला खोचला, निघताना उचललेला जेवणाचा डबा मांडीवर ठेवला आणि बसून राहिली.

गडी घुटमळले, गेले. ऊन चढलं. सावली आखडत आखडत तिच्या पावलांखाली आली, पुन्हा पूर्वेकडे लांबली. तिच्याखाली शुभ्र दाण्यांचं पोतं होतं, आणि समोर त्यातला एकही दाणा न मागणारं पीक वाऱ्यात मान हलवत होतं. तिला भीती वाटत होती. नोकरी करारावरची होती. तरी तिचं अंग त्या पोत्यावर जड होत गेलं, धरणीत रुतलेल्या पाषाणासारखं.

तिसऱ्या प्रहरी धारूरकर आले.

"उठा. लोक बघताहेत."

"तुम्ही लेखी द्या, सर. मी उठते. पण कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून, किती युरिया पडला, ते मी प्रयोगाच्या वहीत लिहीन. आणि अहवालातही."

त्यांनी गड्यांना हाक मारली. मग पोतं जसं आलं तसं परत गेलं.

वाफा वाचला, पण झाकला गेला. पाहुण्यांच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बांबू रोवून हिरवी जाळी ताणलेली दिसली. कृत्रिम, निर्जीव, एकसुरी हिरवी. आणि तिच्याआड ते जिवंत पिवळेपण कोंडलेलं. स्वागताच्या यादीत रेवतीचं नाव नव्हतं. तिने विळा घेतला. एका टोकाची सुतळी तिने कापली, दुसऱ्या टोकाची गुणाबाईंनी, न सांगता. जाळी गळून पडली, आणि हेमंताचं ऊन त्या कृश ओंब्यांवर आरतीसारखं ओवाळलं गेलं.

पाहुण्यांचा घोळका तिथे आपोआप थांबला. त्यांतले एक वयस्कर शेतकरी वाकले, पातं बोटांत धरून म्हणाले, "हा असा का?"

"याला नत्र दिलेलं नाही. मुद्दाम," रेवती म्हणाली. "बाकीच्यांना काय मिळालं आणि त्यांचं काय गेलं, हे याच्याशी ताडूनच कळणार."

"मग झाकला कशाला होता?"

धारूरकर घड्याळाकडे बघत पुढे चालू लागले.

फाल्गुनात कापणी झाली. चैत्रात, आंब्याच्या मोहरगंधी वाऱ्याने खिडक्या वाजत असताना, सोळा वाफ्यांचं पीठ काचेच्या नळ्यांत आलं. नळ्यांत होता एक जांभळा द्राव. गर्द, उन्मत्त, राजस जांभळा. पिठाच्या अर्कात रक्षक द्रव्यं जितकी जास्त, तितका तो जांभळा मावळत जाणार, पिवळ्याकडे झुकणार. अर्धा तास नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. तो अर्धा तास रेवती स्टुलावर बसून होती, हात घट्ट गुंफून.

तिने कपाट उघडलं. एकशेऐंशीच्या नळ्या अजून जांभळ्याच होत्या, जेमतेम विटलेल्या. एकशेवीसच्या किंचित फिक्या. साठच्या गुलाबी, संध्याकाळ ओसरल्यासारख्या. आणि उपाशी वाफ्यांच्या चारही नळ्यांतला राजस जांभळा जवळजवळ पुरता हरला होता. उरला होता फक्त मधाळ, निवांत पिवळा. मेजवानीतल्या गव्हाने देह वाढवला होता. उपाशी गव्हाने आपल्या चिमुकल्या दाण्याभोवती चिलखत विणलं होतं.

तिने तीनदा परत तपासलं. तिन्ही वेळा तेच. मग सगळंच लिहिलं. उपाशी वाफ्याचं उत्पन्न निम्म्याहून कमी, हेही लिहिलं. प्रथिनं नत्रासोबत वाढली, हेही. साठ किलोवर पीक तगलं आणि रक्षक द्रव्यंही बरीचशी राहिली, हे तर ठळक लिहिलं. नत्राशी तिचं वैर नव्हतं. अर्धं सांगण्याशी होतं.

मसुदा धारूरकरांकडून परत आला तेव्हा शून्याच्या रकान्यावर लाल रेघ होती. तिने नवा कागद घेतला, तोच रकाना पुन्हा आखला, तेच आकडे पुन्हा भरले, खाली सही केली. दुसऱ्यांदा रेघ आली. तिसऱ्यांदा तिने आखला. या वेळी धारूरकरांनी रेघ मारली नाही. अहवाल छापला गेला तेव्हा रकाना जागेवर होता.

किंमत जूनमध्ये कळली. करार टिकला, पण तिचे सोळाही वाफे काढून घेतले गेले. पुढच्या हंगामासाठी तिला मिळाली टेकडीमागची जमीन. मुरमाड, उताराची, जिथे कुणी पाहुणा जात नाही.

कार्तिकात ती आणि गुणाबाई तिथे चढून गेल्या. दोघींनी महिनाभर दगड वेचले होते. त्यांची आता उतारावर कमरेएवढी ताल, दगडी बांध, उभी झाली होती. वारा झोंबत होता. खाली दूर गोदेचं पात्र चकाकत होतं.

"इथं येईल का गहू?" गुणाबाईंनी विचारलं.

"येईल तसा मोजू," रेवती म्हणाली.

तिने बियाणं सोडायच्या चाड्यावर मूठ धरली. बैलांमागे पेरणीची तिफण हलली, फण मुरमात शिरले, आणि तिच्या बोटांतून दाणे सुटू लागले. एकेक, अखंड, आवाज न करता, त्या तांबड्या, हट्टी, कोरड्या भुईत.