झाडावरच्या निवडुंगाचा पत्ता

दुपारच्या शांततेत दाराची कडी वाजली. धाकटा भाऊ कुंडी मिरवत आत आला. “ताई, बघ तुझं लाडकं! बाजारात नवीनच आलंय, अस्सल रानातलं.”

झाडाच्या फांदीवर वाढणारं ते निवडुंग होतं. लेक पोटात असताना ताईनंच ते एका जुन्या झाडावर शोधलं होतं. दुसरीकडे कुणालाच सापडलं नव्हतं. त्याची एक फांदी चिरून, गर काढून, कागदात दाबून तिनं हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना ठेवला आणि नोंदीत ओढा, वळण, झाड, सगळं लिहिलं. तिथले साहेब ती नोंद सगळ्यांसाठी खुली करत होते, तेव्हा “साहेब, जागा तेवढी झाका,” म्हणून ती काकुळतीला आली होती.

“चोर काय आपल्या नोंदी वाचत बसतात?” साहेब हसले होते.

तिनं कुंडी फिरवली. मुळांना अजून ओली साल चिकटलेली होती.

“ओरबाडून आणलंय रे हे. माझीच नोंद वाचून.”

भावाचं तोंड एवढंसं झालं. लेकीनं मात्र कुंडीत डोकावून पाहिलं.

“आई, ते तिथं लपून राहत होतं ना? मग तू त्याचा पत्ता का लिहिलास?”