एका तारखेच्या दोन सुट्ट्या

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात माणसं एकतीस होती आणि देश अकरा. मालकाने एक सोय ठेवली होती. आठवड्याच्या सुट्टीखेरीज प्रत्येकाला वर्षातून एक दिवस पगारी रजा, आपापल्या देशात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते म्हणून. यादी मुकादमबाई करायच्या आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवायच्या. मग दिवसभर थट्टा चाले. कुणाकडे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, आणि राजा मरून चाळीस वर्षं झालेली. कुणाकडे समुद्राचा दिवस. "आणि त्यांच्या देशाला समुद्रच नाही," असं म्हणून लंबू पोट धरून हसायचा.

लंबू ओल्या चादरींच्या गाड्या ढकलायचा. दारातून वाकून जावं लागे इतका उंच, आणि सगळ्यांचा लाडका. त्या वर्षी इस्त्रीच्या रोलरवर एक नवा माणूस आला होता. गरजेपुरतंच बोलायचा, म्हणून आठवड्याभरात त्याचा मौनी झाला. यादी लागली त्या सकाळी लंबूला दिसलं की मौनीची तारीख आपलीच आहे. बाईंना ते आदल्या दिवशीच दिसलं होतं. विचारावं असं मनात आलंही, पण कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

लंबूने गाडी तिथेच सोडली आणि मौनीच्या पाठीवर थाप मारली.

"लपवून काय ठेवलंस रे? आपण गाववालेच निघालो की. विजय दिन."

मौनी चादर सरकवत राहिला. "विजय तुमचा. आमच्याकडे त्या दिवशी दुखवट्याने दुकानं बंद असतात."

"म्हणजे तू नदीपलीकडचा?"

"हो."

लंबूने तिथेच तोंड आवरायला हवं होतं. पण आजूबाजूला चार माणसं ऐकत होती. "मी होतो तिथे," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो. दुपारच्या आत तुमचं शहर घेतलं आम्ही."

"शाळेसकट," मौनी म्हणाला. "माझी बहीण होती शाळेत. नऊ वर्षांची."

"लढाईत असं होतंच."

मौनीने चादर सोडली. वाफेची झडप फिरवायचा लोखंडी दांडा उचलला आणि लंबूच्या कानावर हाणला. लंबू गुडघ्यांवर आला. दुसरा फटका बरगड्यांत बसला. यंत्रांच्या घरघरीतही तो कडकन आवाज ऐकू आला. तिसऱ्याआधी लंबूने त्याचा पाय ओढून त्याला पाडलं, छातीवर बसला आणि ओल्या चादरीचा पीळ त्याच्या गळ्याभोवती आवळला. मौनीचे डोळे पांढरे झाले. हाताशी काहीच नव्हतं, म्हणून त्याने लंबूचा अंगठा दातांत धरला आणि हाड लागेपर्यंत चावला. लंबू गुरासारखा ओरडला. त्याने मौनीला कॉलर धरून उभं केलं आणि त्याचा डावा पंजा तापल्या रोलरवर दाबून धरला.

बाईंनी लाल बटण दाबलं. रोलर थांबला, पण धग थोडीच थांबते? त्या मध्ये घुसल्या, तर लंबूच्या कोपराने त्यांचं नाक फुटलं. जळक्या मांसाचा वास सुटला होता, आणि बाकीची माणसं भिंतीला चिकटून उभी होती. बाईंनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. त्यांनी खाली पडलेला दांडा उचलला आणि लंबूच्या मनगटावर घातला. मनगट मोडलं, पकड सुटली. दुसरा फटका मारायची गरज नव्हती. तरी त्यांनी मारला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नाकावर पट्टी घेऊन, बाई इस्पितळात लंबूकडे गेल्या. तो छताकडे बघत होता.

"बाई, शाळेच्या दारावर मीच होतो. आत आग लागली होती. दार उघडायचं नाही असा हुकूम होता. नाही उघडलं मी."

"मला कशाला सांगतोस?"

"त्याला सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

मौनी खालच्या मजल्यावर होता. बाईंनी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, खाटेवरून उतरला आणि जिना चढू लागला. बाई त्याच्यामागे धावल्या. लंबूच्या उशाशी उभा राहून त्याने विचारलं, "पिवळा स्वेटर होता तिच्या अंगात. आठवतो?"

"नाही," लंबू म्हणाला. "धूर होता. आवाज तेवढे आठवतात."

मौनीने धड हात त्याच्या बांधलेल्या बरगड्यांवर ठेवला आणि सगळा भार टाकला. लंबूचं तोंड वेडंवाकडं झालं. नर्सला बोलवायची घंटा त्याच्या मुठीत होती. ती त्याने वाजवली नाही.

"पुरे. मरेल तो," बाई मौनीचा खांदा ओढत म्हणाल्या.

"मरू दे." पण त्याने हात काढला.

पोलिसांना लंबूने भांडण आपणच उकरून काढल्याचं सांगितलं. शाळेचं त्याने मौनीसाठी वेगळ्या कागदावर लिहून दिलं, डाव्या हाताने, शाळकरी पोराच्या अक्षरात. नोकरी गेली, बरा होऊन कुठे गेला ते कळलं नाही. मालकाने यादीच बंद केली. मौनीची तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत, म्हणून बाईंनी त्याला कारखान्याच्या दारावर राखणीला बसवलं.

तो कागद मौनीने लंबूच्या देशाच्या वकिलातीत दिला आहे. दर महिन्याला तो जाऊन विचारतो, चौकशीचं काय झालं. खिडकीतला माणूस म्हणतो, कळवू. पहिल्यांदा बाई सोबत गेल्या, कारण मौनीच्या हाताचा त्यांना भरवसा नव्हता. आता भरवसा आहे, तरी जातात.