वीसपर्यंत मोजायचं

“पिंप असणार,” कारकून म्हणाला आणि त्याने पडद्यावरचा फोटो आणखी मोठा केला. “तपकिरी आहे, गोलसर आहे. चारी बाजूंनी पांढरे पडदे. म्हणजे न्हाणीघरच. विनापरवाना. नोटीस तयारच आहे.”

साहेबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मीटरताईंकडे बघत होते. “ताई, तुम्हीच सांगा काय आहे ते. या भागात तुम्ही गेला नाहीत असं एकही अंगण नसेल.”

ते खरंच होतं. एकतीस वर्षं त्या पालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचत होत्या आणि मीटर लोकांच्या मागच्या अंगणात असतात. म्हणून तर साहेबांनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. दोन आठवडे पालिकेचा ड्रोन घरांवरून फिरत होता. फोटो भरपूर जमले होते, पण वरून काढलेल्या फोटोत छप्पर कुठलं नि चादर कुठली हे काही कळेना. तक्त्यात ‘वापर’ नावाचा एक रकाना होता, तो रिकामा राहिला होता. मीटरताईंनी तो भरून द्यायचा, एवढंच काम होतं.

मीटरताईंनी फोटोकडे एकदा पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

ते पिंप नव्हतं. ती एका बाईची पाठ होती. विटकरी भिंतीच्या घरात राहणारी शिवणवाली. वर्षभर दुखणं काढून बाई घरी आली होती. शस्त्रक्रिया झाली, मग यंत्राखाली झोपवून किरणांनी पाठ भाजून काढली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी जखमेला मोकळा वारा लागू द्या. तिने चार काठ्या रोवल्या, स्वतःच्या हाताने पडदे शिवले आणि मधे खाट टाकली. गेल्या महिन्यात मीटरताई आकडा टिपायला गेल्या तेव्हा तिने पडद्याआडून हाक मारली होती. “ये गं आत. मलम लावायला माझा हात पोचत नाही.” मीटरताईंनी मलम लावलं, आकडा टिपला आणि त्या निघून आल्या. ते घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा तर त्यांना नेहमी चिडवायचा, “हिच्या पोटात अख्खं शहर आहे, पण एक शब्द ओठांवर येईल तर शपथ.”

त्यांची एक पद्धत होती. फाटकापाशी सायकल लावायची, घंटी दोनदा वाजवायची, “पाणी मीटर” अशी हाक द्यायची आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. मग कडीला हात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या अशाच धाडकन आत शिरल्या होत्या आणि अंगणात शाळेचे मुख्याध्यापक बायकोच्या साड्यांत तोंड खुपसून रडत बसले होते. बायको जाऊन चार दिवस झाले होते. पुढची बारा वर्षं त्यांनी मीटरताईंच्या नजरेला नजर दिली नाही. तेव्हापासून मोजणं सुरू झालं. आधी दहापर्यंत मोजून पाहिलं, ते पुरत नव्हतं. दहात माणूस नुसता उठतो, सावरायला वीस लागतात. नवे मीटरवाचक हसायचे. हसोत बापडे.

आता एक शब्द बोलला की नोटीस जागच्या जागी रद्द झाली असती. पण खोलीत सात पुरुष होते. त्या सातही जणांनी तो फोटो पुन्हा पाहिला असता, आणि या खेपेला काय पाहतोय हे कळून पाहिला असता.

“मला मीटरचे आकडे माहीत आहेत, साहेब,” त्या म्हणाल्या. “बाकी अंगणात काय असतं ते नाही माहीत.”

“एकतीस वर्षांत बघितलं नाहीत?”

“बघायला गेलेच नव्हते मी.”

साहेब तरुण होते, वाईट नव्हते, पण त्यांच्याही मागे वरच्यांचा तगादा होता. “याला असहकार म्हणतात, ताई. लेखी खुलासा मागवावा लागेल. चार महिन्यांवर निवृत्ती आली, कशाला उगाच?”

मीटरताईंच्या सेवापुस्तकात लाल शाईची एक रेघ नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. तरी त्या म्हणाल्या, “मागवा.” खुलासा त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिला. ‘माझे काम मीटर वाचण्याचे आहे. ते मी एकतीस वर्षे केले.’ खाली सही. लाल शेरा आठवड्याच्या आत पडला.

शिवणवालीची नोटीस पोचवायला मात्र त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

घंटी दोनदा, हाक, वीस. शिवणवालीने ‘पिंप असलेले विनापरवाना न्हाणीघर’ ही नोटीस वाचली, तिला टाचलेला फोटो डोळ्यांजवळ धरला आणि हसली. “पिंप? अगं, निम्मी झालेय मी, तरी पिंप?” मग हसू ओसरलं. तिने मान वर केली आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली. “भिंतीची उंची बघितली होती मी. शेजारच्या खिडक्या बघितल्या होत्या. वर बघायचं सुचलंच नाही.”

“मी काही बोलले नाही,” मीटरताई म्हणाल्या. “तू म्हणत असशील तर साहेबांना एकट्याला गाठून सांगते. लगेच रद्द होईल.”

“नको. पाठ माझी आहे. ऑफिसातल्या टेबलावर पसरायला ती काही कापडाचा नमुना नाही.” तिने नोटिशीची नीट घडी घातली. “त्यांना म्हणावं, बघायला या. तूच घेऊन ये. तुझ्या पद्धतीने.”

पुढच्या सोमवारी सकाळी साहेब आणि कारकून फाटकापाशी उभे राहिले. कारकुनाच्या हातात टेप होती. मीटरताईंनी घंटी वाजवली, हाक दिली आणि त्या मोजू लागल्या. सातला साहेबांचा हात कडीकडे गेला.

“वीस व्हायचेत, साहेब.”

साहेबांनी हात मागे घेतला. आतून काठ्या उपटल्याचा आवाज आला, मग कापड झटकल्याचा. विसाला मीटरताईंनी कडी काढली.

खाटेवर शिवणवाली बसली होती. अंगात लांब बाह्यांचा झगा, केस विंचरलेले, मांडीवर पडद्यांची घडी. चार काठ्या भिंतीला टेकवलेल्या. कारकुनाने टेप उघडली आणि काय मोजावं ते न कळून परत मिटली.

“न्हाणीघर कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हीच शोधा,” शिवणवाली म्हणाली.

मीटरताईंना राहवलं नाही. “मी वीस मोजेपर्यंत ज्याची घडी होऊन मांडीवर येते, त्याला बांधकाम म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

साहेबांची नजर खाटेच्या कडेला गेली. घाईत मलमाची नळी तिथेच राहिली होती, शेजारी दवाखान्याचं कार्ड. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, पडद्यांच्या घडीकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. मग ते जमिनीकडेच बघत राहिले. “लिही,” ते कारकुनाला म्हणाले. “बांधकाम आढळले नाही.”

“पण फोटोत तर...”

“लिही म्हटलं ना.”

“आणि तो फोटो?” शिवणवालीने विचारलं.

“तो वर गेलाय. पुसणं माझ्या हातात नाही. पत्र देतो मी.”

“कारण काय लिहाल?”

“मालकाची हरकत. एवढंच.”

“मालकिणीची,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मीटरताईंनी फाटक लावून घेतलं. लाल शेरा आता पुसला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मागे काठ्या पुन्हा रोवल्या जात होत्या. इतक्यात गल्लीच्या टोकाकडून ड्रोनची घरघर ऐकू आली. दुसरी फेरी. काळा ठिपका छपरांवरून हळूहळू इकडेच येत होता.

मीटरताई सायकलवर बसल्या. त्यांनी घंटी वाजवली, एकदा, दोनदा, आणि मग थांबल्याच नाहीत. प्रत्येक फाटकापाशी पाय टेकवत, हाक देत त्या ठिपक्याच्या पुढे पुढे निघाल्या. “वर बघा,” त्या म्हणत होत्या, “वर बघा.” भिंतींमागे कुठे दार लागलं, कुठे दोरीवरून चादर ओढली गेली.

कारकून साहेबांकडे बघू लागला. “थांबवू का त्यांना?”

साहेब आभाळाकडे बघत उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांचे अजून वीस व्हायचे होते.