पुकारणारा काटा

लाभ. दोन. तीन.

टँकर आज तरी येईल का?

कुत्र्याने खाल्लेली भाकरी.

दुखरा गुडघा.

एकोणऐंशी.

मित्रांनो, हे तुकडे माझ्याजवळ असेच सुटे पडले आहेत. मी लोखंडी वजनकाटा, आता बराच जुना. माजलगावजवळच्या एका गावात, सहकारी सोसायटीच्या खरेदी केंद्रावर माझं तारुण्य गेलं. माझ्यावर तुरीचं पोतं चढायचं आणि सुग्रीव मापाडी वजन पुकारायचे, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. पोती मोजताना पहिल्याला 'एक' नाही, शुभ म्हणून 'लाभ' म्हणायचे. पुकारलेलं वजन खरं, दबक्या आवाजातलं खोटं, अशी तिथली रीत. लोक आमचं कौतुक करत. मला त्या आवाजाचा अभिमान होता.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. तोलायला धान्यच उरलं नाही. केंद्र बंद पडलं. कोपऱ्यात माझ्यावर धूळ साचली. पुढे सुग्रीवरावांना गावच्या दवाखान्यात शिपायाचं काम मिळालं. तिथला काटा मोडला होता, म्हणून सोसायटीने मलाही तिकडे दिलं. मी पोत्यांऐवजी माणसं तोलू लागलो. पुकारा मात्र तोच राहिला.

सारजा चौदा वर्षांची. गुडघा दुखतो म्हणून आई केसरबाईंबरोबर आली. वजन कमी भरावं म्हणून सकाळपासून उपाशी होती. ती चढली आणि सुग्रीवरावांनी सवयीने पुकारलं, "एकोणऐंशी!"

रांगेतली एक बाई म्हणाली, "दुष्काळ हिच्या घरची वाट चुकला वाटतं." रांग हसली. तरुण डॉक्टर उत्तरेश्वरही हसले, आणि खाणं कमी कर म्हणाले. गुडघा त्यांनी पाहिलाच नाही.

सारजाने ऐकलं. ती आपली भाकरी कुत्र्याला घालू लागली. अकराव्या दिवशी टँकरच्या रांगेत घागरीसकट कोसळली. दवाखान्यात आणून सलाईन लावलं, तरी घास घेईना. मला पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

केसरबाई डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, "गुडघ्यासाठी आणली व्हती, सायेब. तुमी तिचा घासच तोडला."

उत्तरेश्वरांनी हे स्वतःहून बीडच्या आपल्या वरिष्ठ डॉक्टर सरस्वतीबाईंना कळवलं. गुरुवारी त्या आल्या. आसपासच्या नऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनी एकेकाला माझ्यावर चढायला सांगितलं. "सुग्रीवराव, पुकारा."

काय गंमत झाली! कुणी खिशातला फोन काढून ठेवला, कुणी बूट. एकाने तर पोट आत ओढून श्वासच धरला. सुग्रीवराव पुकारत गेले आणि उरलेले मागे मागे सरकत गेले.

"आता तुमच्यातल्या कुणाला आपलं दुखणं मला सांगावंसं वाटतंय?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

बूट काढलेला डॉक्टर घाईने नाड्या बांधू लागला.

दिवसभर ते एकमेकांशी बोलून शिकले. आधी दुखणं ऐकायचं. दार लोटायचं. वजन करू का, असं विचारायचं. आकडा ऐकायचा की नाही, तेही रुग्णानेच ठरवायचं. सराव करताना उत्तरेश्वर तीनदा अडखळले.

संध्याकाळी ते सारजाच्या खाटेजवळ खाली बसले. "चुकलं माझं. गुडघा दाखवतेस?"

"काट्याव चढावं लागंल?"

"नाही. तू म्हणशील तेव्हा. नाहीच म्हणालीस, तरी गुडघा मी बघणार."

तिने पाय पुढे केला.

महिन्याभराने, एका गुरुवारी, ती आपणहून माझ्यासमोर उभी राहिली. "सुग्रीवकाका, पुकारू नका."

"मपल्या तोंडाला कुलूप हाय, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा दांडा भिंतीकडे वळवला. ती चढली. उत्तरेश्वरांनी वाकून पाहिलं आणि निमूट लिहिलं.

मित्रांनो, तो आकडा मला ठाऊक आहे. सांगणार नाही. पोत्याचं वजन चारचौघांत पुकारावं, माणसाचं त्याच्याजवळच ठेवावं. हे शिकायला मला म्हातारपण लागलं. माझ्यावर कुणी उभं असेल, तेव्हा तुम्ही जरा दुसरीकडे बघा.

त्या गुरुवारी घरून निघण्याआधी सारजाने दीड भाकरी आणि पिठलं खाल्लं होतं.